वेशीवरचे क्रूस

मे महिना उजाडला की मुंबई, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील ख्रिस्ती गावठाणांत वाटेवरच्या क्रूसांना नवे तेज चढते. वर्षभर धूळ खात उभा असलेला दगडी क्रूस धुऊनपुसून रंगवला जातो, त्याच्या गळ्यात फुलांच्या माळा पडतात, पायथ्याशी मेणबत्त्या लागतात आणि दिवेलागणीला गावकरी जमून रोझरी म्हणतात, लदीन गातात. शेवटी मुलांच्या ओंजळीत उकडलेले चणे पडले म्हणजे त्या संध्याकाळची भक्ती पुरी होते. आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांच्या बाळपणीच्या आठवणींत या चण्यांची चव अजून रेंगाळत असेल.

आमच्या मोरिवलीतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे या जुन्या क्रूसांपासून दूर आलेली आहेत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीच्या निमित्ताने कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, तर कोणी अहिल्यानगर व मराठवाड्याच्या गावांतून येथे येऊन स्थायिक झाले. गावचा क्रूस कोणालाही बरोबर आणता आला नाही. कोणी त्याची तसबीर दारावर लावली, कोणी त्याची आठवण मनात जपली.

अशाच एका घरी आशीर्वादासाठी गेलो असता तेथील वृद्ध मावशींनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांचे माहेर वांद्र्याच्या एका गावठाणातले. तेथला क्रूस प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी वर्गणी काढून उभारला, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. "फादर," त्या म्हणाल्या, "क्रूस उभारल्यावर गाव वाचला असं सगळे सांगतात. पण माझ्या पणजीची दोन मुलं क्रूस उभारल्यानंतर गेली. मग वाचलं ते कोण?"

आम्ही त्या वेळी काहीतरी समाधानाचे बोललो. घरी परतताना मात्र उत्तर अपुरे पडल्याचे जाणवत राहिले. ईश्वराचे संरक्षण म्हणजे नेमके काय, आणि सैतानाशी आपले जे युद्ध चालते असे पवित्र शास्त्र सांगते ते प्रत्यक्षात कोठे लढले जाते, हे त्या प्रश्नाच्या पोटात दडले होते. त्याचे उत्तर शोधायचे तर ज्या काळात ते क्रूस उभे राहिले त्या काळाकडेच वळले पाहिजे.

ग्रंथिक सन्निपाताचे दिवस

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विलक्षण ताप फैलावू लागला. जांघेत वा काखेत गाठ येई, अंग फणफणे आणि काही दिवसांत रोगी दगावे. हा रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. हे निदान कोणालाच सोयीचे नव्हते, कारण प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे बंदर, गिरण्या आणि व्यापार यांच्यावर गदा आणणे होते. पण जे दिसले ते त्यांनी सांगितले. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले.

निदान झाले तरी उपाय ठाऊक नव्हता. प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन या शास्त्रज्ञाने शोधले होते. पण उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत पोहोचवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली, आणि जगाने ते मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. तोवर लोक एवढेच पाहत होते की, घरात उंदीर मरून पडतात आणि मागोमाग माणसे.

माणसे शहर सोडून पळू लागली. १८९७ च्या आरंभी मुंबईच्या वस्तीतील निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले होते. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. दहा वर्षांनी, १९०१ साली, ती ७ लाख ७६ हजार भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या घटावी, एवढ्यावरून त्या आपत्तीची कल्पना यावी. पुढच्या दोन दशकांत भारतभर या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

आमच्या या बाजूनेच तेव्हा पळणाऱ्यांचा ओघ वाहत होता. मुंबईहून निघालेल्या आगगाड्या कल्याण स्थानकावर थांबवून प्रवाशांची तपासणी होत असे. ज्यांच्या अंगात ताप आढळे त्यांना उतरवून घेत. बाकीच्यांना घेऊन गाडी आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाकडे जाई. आज मोरिवलीहून रोज कल्याणमार्गे मुंबईला जाणाऱ्या आमच्या धर्मग्रामस्थांनी कधी त्या फलाटावर क्षणभर थांबून हे आठवावे.

क्रूस कसे उभे राहिले

अशा दिवसांत मुंबईच्या ख्रिस्ती वाड्यापाड्यांत क्रूस उभे राहू लागले. गिरगावची खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्यातील रणवार, पाली, चिंबई अशा जुन्या वस्त्यांतून फिरताना हे क्रूस अजून भेटतात. त्यांतील काही पोर्तुगीज अमदानीपासूनचे आहेत. पण पुष्कळ प्लेगच्या वर्षांतले. कोणी संकट टळावे म्हणून नवस बोलून उभारला, कोणी संकटातून तरल्याची कृतज्ञता म्हणून. जागा बहुधा गावठाणाच्या तोंडाशी, पाखाडीच्या नाक्यावर, विहिरीजवळ. वेस म्हणजे गावाचा उंबरठा, आणि उंबरठ्यावर राखणदार असावा ही आपल्या मातीतली जुनी जाणीव त्यांच्याही रक्तात होतीच.

या क्रूसांचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. त्या काळी मुंबईतील कॅथलिक समाज दोन धर्माधिकारांत विभागलेला होता. काही देवळे पोर्तुगालच्या पाद्रोआदो अधिकाराखाली, तर काही रोमच्या प्रोपागांदाच्या अधिकाराखाली. एकाच गावातील भावकी दोन देवळांत वाटली गेल्याची उदाहरणे होती. हा दुहेरी कारभार १९२८ साली संपला. वाटेवरचा क्रूस मात्र या भांडणाबाहेर होता. तो गावाचा होता. तेथे लदीन म्हणायला पाद्री लागत नसे; गावातला एखादा वडीलधारा पुढे होई आणि बाकीचे मागून सूर धरीत. ज्या दिवसांत माणूस माणसाच्या दारात जायला भीत होता, त्या दिवसांत मोकळ्या हवेत, उघड्या आकाशाखाली, एकमेकांचे चेहरे पाहत उभे राहण्याची एक जागा या क्रूसांनी दिली.

क्रूसाजवळ प्रार्थना करणाऱ्यांच्या तोंडी दोन संतांची नावे नेहमी असत: संत सेबॅस्टियन आणि संत रॉक. संत सेबॅस्टियन हे रोमचे रक्तसाक्षी. बाणांनी विंधलेल्या त्यांच्या देहात प्राचीन ख्रिस्ती लोकांनी साथीच्या अदृश्य बाणांचे चित्र पाहिले. संत रॉक हे फ्रान्समधील माँपेलिए गावचे. परंपरा सांगते की, ते प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत फिरले आणि त्यांना स्वतःलाही रोगाने गाठले. त्यांच्या मूर्तीत मांडीवरची गाठ उघडी दाखवतात आणि पायाशी भाकरी आणणारा कुत्रा असतो. साथीपासून रक्षण करणारा म्हणून लोकांनी ज्याची निवड केली तो संत स्वतः साथीतून सुटलेला नव्हता, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

ख्रिस्तसभेच्या आठवणी

मुंबईतील लोक काही नवे करीत नव्हते. ख्रिस्तसभेच्या इतिहासात या गोष्टी पूर्वीही घडल्या होत्या.

इ. स. ५९० मध्ये रोम शहरात प्लेग पसरला. स्वतः परमगुरू दुसरे पेलाजियस त्यात मरण पावले. त्यांच्या जागी निवडले गेलेले ग्रेगरी, ज्यांना आपण महान म्हणतो, यांनी शहराच्या सात भागांतून प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. फ्रान्समधील तूरचे बिशप ग्रेगरी यांनी आपल्या इतिहासग्रंथात या प्रसंगाची नोंद केली आहे. ती त्यांना रोममध्ये हजर असलेल्या त्यांच्याच दीक्षिताकडून कळली होती. त्या नोंदीनुसार मिरवणूक चालू असताना एका तासात ऐंशी माणसे जमिनीवर कोसळून मरण पावली, आणि तरीही ग्रेगरींनी प्रार्थना थांबवू दिली नाही. पुढच्या शतकांत रूढ झालेली कथा अशी की, मिरवणूक सम्राट हेड्रियनच्या समाधीजवळ आली तेव्हा महादूत मिखाएल माथ्यावर उभे राहून तलवार म्यान करताना दिसले. त्या वास्तूला आज पवित्र दूताचा किल्ला म्हणतात. कथेतील तलवार म्यान करणारा दूत आपण लक्षात ठेवला आहे. नोंदीतील ऐंशी माणसे आपण विसरलो आहोत.

दुसरी आठवण मिलान शहराची. १५७६ साली तेथे प्लेग आला तेव्हा गव्हर्नर आणि बडे लोक शहर सोडून गेले. आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ राहिले. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले, राजवाड्यातील पडदे उतरवून गोरगरिबांसाठी कपडे शिववले आणि अनवाणी पायांनी मिरवणुका काढल्या. पुढे लोकांना घरात कोंडून ठेवण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा अर्पण करण्याची व्यवस्था केली, म्हणजे लोकांना आपापल्या खिडक्यांतून मिस्सेत सहभागी होता यावे. रस्त्याच्या नाक्यावर प्रार्थनेची जागा करण्याची ही रीत आणि आपल्या गावठाणांची रीत यांत किती साम्य आहे! संत कार्लो यांनी क्रूसही उंचावला आणि लोकांनी घरातच राहावे हेही मान्य केले. यांत त्यांना विसंगती दिसली नाही.

सैतानाने सांगितलेले स्तोत्र

प्रिय वाचकहो, आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ.

आमच्या मोरिवलीत अनेक घरांच्या दारावर ९१ वे स्तोत्र छापलेला फलक लावलेला दिसतो. हे स्तोत्र संरक्षणाचे स्तोत्र म्हणून ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. परात्पराच्या छायेत राहणाऱ्याला रात्रीचे भय, उडता बाण व काळोखात हिंडणारी मरी यांची धास्ती उरत नाही, असा त्याचा आशय. ख्रिस्तसभा हे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. संत बर्नार्ड यांनी एका प्रायश्चित्तकाळात या एका स्तोत्रावर सतरा प्रवचने दिली.

परंतु शुभवर्तमान वाचताना एक गोष्ट आपल्याला अस्वस्थ करून जाते. अरण्यातील परीक्षेच्या वेळी सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. देवदूत तुला हातांवर झेलतील, असा दाखला तो देतो. तो दाखला याच स्तोत्रातला आहे. संरक्षणाचे वचन पाठ असणे हे श्रद्धेचे पुरेसे लक्षण नाही. ते सैतानालाही पाठ आहे.

त्याची लबाडी दोन ठिकाणी उघडी पडते. एक म्हणजे, तो दाखला देतो आणि नेमका थांबतो. त्या स्तोत्रातील पुढचीच ओळ सर्पाला पायाखाली तुडवण्याविषयी आहे. ती त्याला सोयीची नाही! दुसरे असे की, स्तोत्राच्या अखेरीस देव स्वतः बोलतो, आणि तेथे तो संकटात भक्ताच्या सोबत राहण्याचे वचन देतो. संकट येणारच नाही असे तो म्हणत नाही. सैतानाने या वचनाचा सौदा केला. उडी टाक, म्हणजे देवाला तुला झेलणे भाग पडेल. प्रभूने तो सौदा नाकारला, कारण जो प्रेम करतो तो पित्याची परीक्षा घेत नाही. पुढे क्रूसावरही खाली उतर म्हणून हिणवणारे आवाज आले, आणि तो उतरला नाही.

संत पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ती माणसाच्या शस्त्रसामग्रीचे वर्णन करतात. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे चिलखत, शांतीच्या सुवार्तेची पादत्राणे, श्रद्धेची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार म्हणजे देवाचे वचन. या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की, यातील एकही वस्तू शरीराला ताप येऊ नये म्हणून दिलेली नाही. पौल स्वतः आजारी पडले, त्यांना फटके बसले, त्यांचे जहाज फुटले आणि शेवटी त्यांचा शिरच्छेद झाला. शस्त्रसामग्री दिली आहे ती उभे राहण्यासाठी. त्या उताऱ्यात उभे राहण्याचा शब्द पुनःपुन्हा येतो.

मग युद्ध कोठे होते?

१८९६-९७ च्या मुंबईकडे या नजरेने पाहिले की रणांगण स्पष्ट दिसू लागते. प्लेगच्या जंतूला वाईट हेतू नव्हता. हेतू होता तो भीतीच्या आड दबा धरून बसलेल्या शत्रूला. त्याने माणसाला माणसापासून तोडले. रोगी लपवले गेले, प्रेते लपवली गेली. रुग्णालयात माणसांना मारून टाकतात अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला आणि त्याच्या आधारे घरांच्या झडत्या सुरू झाल्या. पुण्यात गोऱ्या शिपायांनी देवघरे आणि माजघरे तुडवली. संताप साचला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या जखमेने ते पुढे मरण पावले. भीती, अफवा, अरेरावी, सूड अशी ही साखळी होती. तिचा एकेक दुवा माणसांच्या हातून घडला आणि शत्रूच्या उपयोगी पडला.

त्याच काळात काही माणसे उभी राहिली. ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगवरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवरून आणले, अशी आठवण सांगितली जाते. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हाफकिन ख्रिस्ती नव्हते, सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या, डॉ. व्हिएगस होते. परंतु खरे बोलणे, स्वतःचा दंड पुढे करणे, परक्या लेकराला पाठीवर घेणे यांत आम्हाला पौलाने सांगितलेली शस्त्रे दिसतात. देव आपली शस्त्रे कोणाच्या हाती देतो याची नोंद केवळ आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत नसते.

आपल्या खेड्यापाड्यांत पटकी वा देवीची साथ आली की मरीआईचा गाडा काढण्याची चाल होती. रोगाचे प्रतीक गाड्यावर ठेवून वाजतगाजत वेशीपलीकडे नेऊन सोडत. पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे ढकलावा. यात शेजाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही, कारण गाडा पुढे ढकलण्याची वृत्ती आपल्यातही तितकीच मुरलेली आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला तेव्हा लाखो लोक पळाले, आणि पळणाऱ्यांत डॉक्टरही होते. २०२० साली कोविडच्या दिवसांत इस्पितळातून बरी होऊन आलेल्या परिचारिकेला इमारतीत शिरू न देणारे सर्व धर्मांचे होते. वेशीवरचा क्रूस वेगळी शिकवण देतो. तो संकट शेजारच्या गावावर लोटत नाही. तो वेशीवरच उभा राहून हात पसरतो.

आमची एक चूक

येथे आम्हाला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका तरुण बापाने आम्हाला घरी बोलावले. घराला कोणीतरी काही केले आहे, बाधा आहे, असे त्याला वाटत होते. खोकला थांबत नव्हता, वजन उतरत होते, काम सुटले होते. आम्ही प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले, दारावर क्रूसाची खूण केली आणि चहा घेऊन निघालो. औषधे चालू आहेत का, हे आम्ही विचारले नाही. त्याला क्षयरोग होता. उपचार सुरू झाले होते. परंतु कोणा एका प्रार्थनासभेत तू बरा झालास असे सांगण्यात आल्यावर त्याने गोळ्या सोडल्या होत्या. गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. आम्हाला हे कळले तोवर उशीर झाला होता. त्याच्या दफनविधीला आम्हीच उभे होतो.

त्या दिवसापासून मंदिराच्या शिखराची ती परीक्षा आम्हाला दूरची वाटत नाही. उडी टाक, देव झेलील, हेच वाक्य त्या घरात भक्तीच्या भाषेत उच्चारले गेले, आणि आम्ही तेथे असूनही ते ऐकले नाही. सेमिनरीत ज्या ग्रंथाचे पाठ घेतले त्या सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय स्वच्छ सांगतो की, वैद्याचा मान राखावा, औषध देवानेच भूमीतून निर्माण केले आहे; आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही वाव द्यावा. प्लेगवर आणि क्षयावर दोहोंवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली सापडले, तेही मातीतील सूक्ष्मजीवापासून. शास्त्रवचन इतक्या शब्दशः खरे ठरावे याचे आम्हाला नवल वाटते.

सैतान नाही, असे आम्ही म्हणत नाही. ख्रिस्तसभा तसे शिकवत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली सैतान ही केवळ एक कल्पना आहे असे समजू नका म्हणून बजावले होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महादूत मिखाएलची प्रार्थना रोझरीबरोबर म्हणण्यास सांगितले होते. परंतु हीच ख्रिस्तसभा सैतान घालवण्याचा गंभीर विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून करू देत नाही, आणि त्याआधी आजाराची शक्यता तपासून घेण्यास सांगते. शत्रू कोठे आहे हे ओळखण्यात चूक झाली तर शस्त्र आपल्याच माणसावर चालते. त्या घरात शत्रू भिंतीत पुरलेल्या लिंबात नव्हता. तो एका खोट्या आश्वासनात होता.

२७ मार्च २०२० ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात, पोप फ्रान्सिस एकटे चालत आले. तेथे एक जुना लाकडी क्रूस ठेवला होता. तो संत मार्सेल्लो देवळातला. १५२२ च्या प्लेगमध्ये तोच क्रूस रोमच्या रस्त्यांतून अनेक दिवस मिरवला गेला होता. या वेळी मिरवणूक नव्हती, गर्दी नव्हती. देवळे बंद होती, आणि बंद ठेवणे हेच त्या घडीला शेजारप्रीतीचे कृत्य होते. त्या क्रूसावरून पावसाचे पाणी ओघळत होते. साथ त्या रात्री थांबली नाही. पण आपण एकटे नाही हे त्या रात्री जगभर कळले.

मावशींना उत्तर

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या मावशींकडे गेलो. पणजीची हकीकत आम्ही सविस्तर विचारली. क्रूस उभारल्यानंतर दोन मुले गेली हे खरे. पण त्या हकीकतीत आणखीही काही होते, जे मावशींनी पहिल्या भेटीत सांगितले नव्हते. शेजारच्या घरातील आईबाप दोघेही गेले तेव्हा त्यांची पोरकी मुलगी पणजीने आपल्या घरात आणली. दोन मुले पुरलेल्या त्या बाईने तिसऱ्या, परक्या मुलीला पदराखाली घेतले, वाढवले, तिचे लग्न लावून दिले. दर मे महिन्यात पणजी क्रूसाजवळ जात असे, आणि त्या मुलीचा हात धरूनच जात असे.

"मग वाचलं ते कोण?" या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच होते: मावशी, तुमची पणजी वाचली. रोगापासून म्हणत नाही. त्या काळात शेकडो माणसे जिवंत राहूनही ज्या गोष्टीला बळी पडली तिच्यापासून. तिचे दार बंद झाले नाही. दुःखाने ती कडवट झाली नाही. शत्रूला हवे होते ते तिच्या घरातून त्याला मिळाले नाही.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी स्वयंपाकघरातून एक वाटी आणली. उकडलेले चणे होते. "क्रूस नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "चणे तरी घ्या."

मोरिवलीच्या घराघरांतून आम्ही यापुढेही आशीर्वाद देत फिरू, पवित्र पाणी शिंपडू, दारावर क्रूसाची खूण करू. त्याबरोबर दोन प्रश्नही विचारू: या घरात कोणी औषध सोडले आहे का? आणि या जिन्यावर कोणी आजारी, एकटे आहे का, ज्याच्याकडे गेले कित्येक दिवस कोणी गेले नाही? ९१ व्या स्तोत्राचा फलक दारावर असू द्यावा. फक्त तो लावताना दार उघडे राहील एवढे पाहावे.

वेशीवर हात पसरून उभ्या असलेल्या प्रभूने आम्हा सर्वांना उभे राहण्याचे बळ द्यावे, ही प्रार्थना.